पिवळा डबा आणि सुका कचरा

आधीच सांगून ठेवतो, प्लास्टिकशी माझं काही वैर नव्हतं. चाळिशी उलटेपर्यंत मी आणि प्लास्टिक घणसोलीच्या एकाच फ्लॅटमध्ये सुखाने नांदत होतो. त्याची जागा ओट्याखाली, माझी सोफ्यावर. एकमेकांच्या वाटेला जायचं नाही, असा आमचा अलिखित करार होता. तो मोडला आमच्या ऑफिसने.

आमचं ऑफिस महाप्याला. मी तिथे खरेदी विभागात सीनियर आहे. (हे सीनियरपण पगारात दिसत नाही, पण असो.) तर तिथे पर्यावरण सप्ताह साजरा झाला. जेवणानंतर सगळ्यांना हॉलमध्ये कोंबलं आणि एका पोरगेल्या वक्त्याने घरातलं प्लास्टिक शास्त्रशुद्ध कसं द्यायचं यावर भाषण केलं. डब्याच्या बुडाशी त्रिकोण असतो, त्रिकोणात आकडा असतो, आकड्याप्रमाणे प्लास्टिक वेगळं करायचं, धुवायचं, वाळवायचं आणि मगच द्यायचं. आजूबाजूला लोक पेंगत होते. मी जागा होतो, कारण माझ्या खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. शेवटी वक्त्याने विचारलं, "आपल्या घरापासून सुरुवात कोण करणार?" नेमकी त्याच वेळी खुर्ची कलली, तोल सावरायला मी हात वर केला आणि टाळ्या पडल्या. मला पुढे बोलावून छातीवर 'हरित दूत' असा हिरवा बिल्ला लावण्यात आला. बिल्ला प्लास्टिकचा होता. मी उलटा करून पाहिला, आकडा नव्हता.

आता, बिल्ला लागला की माणूस बदलतो. बसमध्ये बसताना मी जरा ताठच बसलो. घरी आलो, चपला काढल्या आणि थेट ओट्याखाली शिरलो.

माझी बायको मैत्री शाळेत शिकवते. तिचा आवाज कुठेही असला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. "काय शोधताय?"

"त्रिकोण," मी आतूनच म्हणालो.

"बाहेर या आधी."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने बिल्ल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कुठल्याही मराठी घरातली बाई जे म्हणेल तेच म्हणाली. "काय करायचं ते करा, पण माझे डबे कमी झालेले मला चालणार नाहीत."

हे डबे म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. श्रीखंड संपतं, डबा राहतो. आइस्क्रीम संपतं, डबा राहतो. माणसं येतात, राहतात, जातात, डबे मात्र वाढतच राहतात. दाराच्या मागे खिळ्याला पिशव्यांची पिशवी, तिच्यात बंदी आल्यापासून जपून ठेवलेल्या आणखी पिशव्या. आणि या सगळ्या परिवारात मानाचं पान एकाच डब्याला होतं. माझ्या सासूबाईंचा पिवळा डबा. हिरव्या झाकणाचा, कुठल्या काळी वनस्पती तुपाचा. सासूबाई, म्हणजे चांगुणाबाई, मंडणगड तालुक्यात राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी त्या डब्यातून मसाला पाठवला. मसाला त्याच पावसाळ्यात संपला आणि डबा आमच्याकडे राहिला.

राहिला म्हणजे कोणी दाबला नाही. पण डबा रिकामा कसा परत करायचा? शेजारचा असो नाहीतर माहेरचा, डबा रिकामा देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आणि सासूबाईंना घणसोलीहून काय भरून पाठवणार? काजू त्यांच्या दारात, आमसुलं त्यांच्या दारात, तांदूळ त्यांचा स्वतःचा. प्रत्येक वेळी आम्ही विचार करायचो आणि प्रत्येक वेळी डबा घरीच राहायचा. इकडे गावात सासूबाईंनी सांगून टाकलं की जावयाने डबा ठेवून घेतला. मागे त्यांच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत एक अनोळखी म्हातारा माझ्याकडे निरखून बघत होता. शेवटी म्हणाला, "तुमीच का ते डब्याचे?"

तर मैत्री आईला आणायला गावी निघाली. दारात बॅग घेऊन उभी राहिली आणि बोट वर करून म्हणाली, "रविवारी दुपारी आम्ही येतोय. आई या वेळी डबा घेऊनच जाणार आहे. त्यात काहीतरी चांगलं भरून ठेवा. एवढं एकच काम."

"अगं, झालंच समज," मी म्हणालो. मंडणगड तालुक्यातली माझी सगळी अब्रू त्या डब्यात होती, हे मला सांगायची गरज नव्हती. मी डबा घासून पुसून वॉशिंग मशीनवर ठेवला, येता-जाता डोळ्यांसमोर राहावा म्हणून. आणि मग मोकळ्या मनाने देशकार्याला लागलो.

पहिली पायरी धुण्याची. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, सगळं साबणाच्या पाण्यात बुडवलं. दुधाची पिशवी आतून धुणं ही साधी गोष्ट नाही. ती हाताला चिकटते, मनगटावर चढते, आणि दाराची बेल वाजली की दोन्ही हातांत पिशव्या चढवलेल्या माणसाला दार उघडावं लागतं. दारात समोरच्या फ्लॅटमधले कासिमभाई होते. मूळचे म्हसळ्याचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचं दुकान आहे, आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाकडे ते लोखंडाच्या नजरेने बघतात.

"ऑपरेशन चाललंय काय?" त्यांनी विचारलं.

मी उद्दिष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "प्रितमभाऊ, लोखंड असतं तर लोहचुंबक लावला, काम झालं. प्लास्टिकला तुमी काय लावनार?"

"शिस्त," मी म्हणालो.

"मग वेळ लागेल," ते म्हणाले आणि दही मागायला आले होते ते विसरून परत गेले.

धुतलेलं सगळं मी बाल्कनीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं. मला ते दृश्य सुंदर वाटलं. ते ज्याला सुंदर वाटलं नाही तो म्हणजे आमच्या सोसायटीचा चेअरमन आशुतोष. वयाने माझ्यापेक्षा लहान, आयटीत नोकरी, कमिटीची मीटिंगसुद्धा लॅपटॉपवर घेतो. थोड्याच वेळात सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या बाल्कनीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'काही सदस्य दर्शनी भागात कचरा टांगत आहेत. बिल्डिंगच्या एस्थेटिक्सचा विचार व्हावा.' त्यावर कोणीतरी नमस्काराचे हात टाकले. कोणाला केला होता तो नमस्कार, ते आजही कळलेलं नाही. मी उत्तर दिलं, 'हा कचरा नसून स्वच्छ, कोरडा व वर्गीकृत स्रोत आहे.' मग एकदम शांतता पसरली. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात खाडीकडून वारा सुटला. चिमटे टिकले, पिशव्या टिकल्या नाहीत. बऱ्याचशा मी धावत जाऊन पकडल्या. दोन दुधाच्या पिशव्या मात्र तरंगत खाली गेल्या आणि नेमक्या आशुतोषच्या नव्या गाडीच्या काचेवर जाऊन पसरल्या. तो खालीच होता. त्याने त्या दोन बोटांनी उचलल्या, वर माझ्याकडे पाहिलं आणि घडी घालून खिशात ठेवल्या. पुरावा म्हणून ठेवल्या असणार. मी पडद्याआड झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली. मी आकड्यांप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्या भरून, प्रत्येकीला चिठ्ठी लावून खाली उतरलो. बिल्लाही लावला होता. गाडीवरच्या माणसाला मी म्हणालो, "हे बघा, या पिशवीत बाटल्या, हे पातळ प्लास्टिक, ही झाकणं."

"सुका?" त्याने विचारलं.

"सुकाच, पण त्यात प्रकार आहेत."

"सुका म्हणजे सुका," तो म्हणाला, आणि माझं सगळं वर्गीकरण एका पोत्यात उपडं केलं. त्याची काही चूक नव्हती. त्याला पुढे डझनभर सोसायट्या होत्या आणि मागे रिक्षा हॉर्न वाजवत होती. पण माझ्या मनाला लागलं ते लागलंच. खरेदी विभागात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने लावलेल्या चिठ्ठ्या होत्या त्या.

मग मी फोन सुरू केले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, हा विषय आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, विषय आमच्याकडेच आहे पण साहेब जेवायला गेलेत. साहेब आल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचा कारखाना आहे का?"

"नाही, घर आहे."

"मग एवढा आटापिटा कशाला करताय?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी फोन ठेवला आणि पुढचा नंबर फिरवला.

शेवटी 'निर्मळ फेरा' नावाच्या एका संस्थेचा पत्ता लागला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की त्या रविवारी सकाळी त्यांची गाडी घणसोलीत येणार आहे, पण एकाच घराचं प्लास्टिक ते नेत नाहीत. कमीत कमी एक मोठं पोतं भरलेलं हवं. "शेजाऱ्यांना सहभागी करून घ्या ना काका," ती म्हणाली. 'काका' हा शब्द मी ऐकला नाही असं दाखवलं.

आता इथून पुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही. मी फक्त एवढंच केलं की मैत्रीचे सगळे रिकामे डबे काढले, पुसले, वॉशिंग मशीनवर मांडले आणि मजल्यामजल्यावर वाटायला निघालो. कल्पना सरळ होती. प्रत्येक घरी एक डबा द्यायचा, त्यात त्यांनी बाटल्यांची झाकणं, पुड्या, पाकिटं असं साठवून मला परत द्यायचं. मी प्रत्येक दारात उभा राहून नम्रपणे म्हणत होतो, "वहिनी, हा डबा रिकामा आहे. जमेल तसा भरून द्या. मैत्री गावी गेलीय, मी एकटाच बघतोय सगळं."

प्लास्टिकबद्दलही बोललो होतो. नक्की बोललो होतो. पण रिकामा डबा घेऊन दारात उभा असलेला, बायको माहेरी गेलेला पुरुष दिसल्यावर आपल्याकडच्या बायका पुढचं काही ऐकत नाहीत, हे मला कोणत्याच भाषणात सांगितलेलं नव्हतं.

फक्त आशुतोषने डबा घेतला नाही. "प्रॉपर चॅनेलने या प्रितमजी. कमिटीत ठराव मांडा," असं म्हणून त्याने दार लावलं.

संध्याकाळी पहिला डबा परत आला. आत वांग्याचं भरीत. मग दुसरा, त्यात साबुदाण्याची खिचडी. तिसऱ्यात पुरणपोळ्या, वर तुपाची वाटी. एकही डबा रिकामा नाही, एकातही झाकण नाही. तळमजल्यावरच्या आजी तर स्वतः वर आल्या, माझ्या हातात आमटी दिली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "लाजायचं नाही हो बाळा. अशी वेळ कोणावरही येते."

रात्री जेवणाच्या वेळी कासिमभाई आले. हातात बिर्याणीचा डबा. खुर्ची ओढून जवळ बसले आणि आवाज खाली आणला. "आमची आबिदा बोलते, भांडन झालंय. तुमी बोला, मी गाडी काढतो. मंडणगड काय लांब नाय. आपन जाऊ, भाभीला हात जोडू, घेऊन येऊ."

"भांडण नाही झालेलं," मी म्हणालो.

"हां, असंच बोलतात सगळे." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "आधी खाऊन घ्या."

मी बिर्याणी खाल्ली. अपमान आपल्या जागी, आबिदा भाभींची बिर्याणी आपल्या जागी. पण खरं संकट जेवण झाल्यावर लक्षात आलं. ओट्यावर घासलेल्या डब्यांची रांग लागली होती. आता हे डबे परत त्या त्या घरी द्यायला हवे होते, कारण भरल्या हाताने आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. डबे मुळात माझेच होते, हे मी स्वतःला दोनतीनदा सांगून पाहिलं, पण मन ऐकेना. मला फक्त चहा आणि ऑम्लेट येतं. डब्यात ऑम्लेट देता येत नाही. शेवटी मी शनिवारी बाजारात गेलो आणि प्रत्येक घरासाठी फरसाण, शेव, बाकरवडी आणली. सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत. पाकिटं फोडून डबे भरले, घरोघर पोचवले. संध्याकाळी त्यातले निम्मे पुन्हा भरून आले, आणि आता प्रत्येक डबा सांडू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला होता. आबिदा भाभींना माझी दया आली. त्यांनी स्वयंपाकघरातली पिशव्यांची अख्खी पिशवीच माझ्या हवाली केली. त्यांचं बघून बाकीच्यांनीही दिल्या.

एक गोष्ट मात्र मानायला हवी. रविवारी सकाळपर्यंत पोतं गच्च भरलं होतं. त्यातलं बरंचसं प्लास्टिक माझ्या मोहिमेपूर्वी घरात नव्हतं, पण तो हिशेब कोणी मागितला नाही. 'निर्मळ फेरा'ची गाडी आली, माझ्या दाराच्या मागची पिशव्यांची पिशवीही मी त्यागाच्या भरात त्यात टाकली, मुलांनी माझा पोत्यासह फोटो काढला आणि मला एक प्रमाणपत्र दिलं. ते लॅमिनेट केलेलं होतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा माझी छाती चांगली वीतभर फुगली होती.

आणि फोन वाजला. मैत्री होती. मागे एसटीचा खडखडाट. "पनवेलच्या पुढे आलोय. डबा भरून ठेवलात ना? आई तीनदा विचारून झाली."

"हो, हो," मी म्हणालो आणि वॉशिंग मशीनकडे गेलो. मशीनवर मशीनचंच झाकण होतं, दुसरं काही नव्हतं.

मी मशीनच्या मागे पाहिलं, आत पाहिलं, फ्रिजमध्येसुद्धा पाहिलं. ज्या मशीनवर मी तो डबा डोळ्यांसमोर राहावा म्हणून ठेवला, त्याच मशीनवर मी वाटायचे डबे मांडले होते. म्हणजे डबा वाटपात तरी गेला होता, नाहीतर पोत्यात. मी 'निर्मळ फेरा'ला फोन लावला. तीच मुलगी. "काका, एकदा दिलेलं प्लास्टिक परत देता येत नाही. पण तुम्ही वस्तूचं वर्णन आणि तळाचा आकडा मेल करा, आम्ही सोमवारी बघतो."

"त्याला आकडा नाही हो. तो आकडे यायच्या आधीचा आहे."

"मग तो रिसायकल होणार नाही," ती म्हणाली. तिला वाटलं, मला दिलासा मिळेल.

मी तसाच बनियनवर समोरचं दार ठोठावलं. कासिमभाईंनी माझा चेहरा बघून विचारलं, "भाभीचा फोन आला? नाय येत बोलते?"

"येतेय, हाच प्रॉब्लेम आहे. पिवळा डबा. हिरवं झाकण."

आतून आबिदा भाभींचा आवाज आला. "तो व्हय? तो मी सगुणाला दिला ना."

सगुणा म्हणजे आमच्या सगळ्यांची मासळीवाली, तळवली गावातली. तिची सून बाळंत झाली होती. भाभींनी तिच्यासाठी अळिवाचे लाडू केले आणि समोर आयता पडलेल्या पिवळ्या डब्यात भरून सगुणाकडे दिले. तुम्हीच म्हणालात ना भरून द्या, असंही वर ऐकवलं. मला वाद घालायला वेळ नव्हता. अंगात शर्ट अडकवला, बिल्ला त्याला लावलेलाच होता, आणि कासिमभाईंच्या स्कूटरवर मागे बसलो.

तळवली आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण मध्येच कासिमभाईंनी स्कूटर थांबवली. "बाळ बघायला चाललोय. हात हलवत जानार काय?" त्यांचं बरोबर होतं. समोरच्या दुकानात खुळखुळा मिळाला, प्लास्टिकचा, प्लास्टिकच्या खोक्यात, वर प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. मी तो घेतला. आकडा बघायची हिंमत झाली नाही.

सगुणाच्या घरी पाय ठेवला तर डबा समोरच्या फडताळावर दिसत होता. पण 'डबा द्या' असं दारातच म्हणता येतं का? आधी बाळाचं तोंड बघितलं. मग बाळ कोणासारखं दिसतं यावर बोललो. मग चहा. मग कासिमभाईंनी लोखंडाचे भाव सांगितले. माझा सगळा जीव त्या फडताळावर होता आणि फोन खिशात सारखा थरथरत होता. शेवटी मी म्हणालो, "सगुणाताई, तो पिवळा डबा माझ्या सासूबाईंचा आहे. त्या आत्ता घरी पोचतायत. मला रिकामाच द्या, चालेल."

सगुणाने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "रिकामा? कोनाच्या घरचा रिकामा डबा दिलाय मी कदी? आनि तोही सासूबायचा?" ती उठली, आत गेली आणि डब्यात काहीतरी ओतल्याचा आवाज आला. "जवला हाय. घरी सुकवलेला. वालू नाय, काय नाय. सासूला सांग, तलवलीचा हाय."

डबा हातात आला आणि मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. झाकण घट्ट बसत नव्हतं, त्यामुळे सुक्या जवळ्याचा घमघमाट रस्ताभर आमच्या मागे येत होता. दोन कुत्रीसुद्धा आली.

घरी पोचलो तर सासूबाई सोफ्यावर, माझ्या जागेवर, बसलेल्या. मैत्री ओट्याखाली डोकं घालून रिकाम्या जागेकडे बघत होती.

"जय भीम, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "डबा?"

मी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. मग त्या लेकीकडे वळल्या. "बघ. तू बोलायचीस त्यांना काय कळत नाय. असा जवळा आता आमच्याकडे पण मिळत नाय." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी गावात सांगेन. डबा दिला, नि भरून दिला."

इतक्या वर्षांचं ओझं खांद्यावरून उतरलं. मी बिल्ला जरा सरळ केला. खरं सांगायचं तर मला इतकं बरं वाटलं की आता यापुढे काही बिघडूच शकत नाही असं वाटू लागलं.

सासूबाई तिसऱ्या दिवशी परत निघाल्या. निघताना त्यांनी बॅगेतून एक गाठोडं काढलं. या वर्षीचा मसाला. "डबा तुमच्याकडे अडकलेला, मग जुन्या लुगड्यात बांधून आनला. अख्ख्या एसटीला शिंका." त्यांनी गाठोडं सोडलं आणि पिवळा डबा पुढे ओढला. "फडक्यात मसाल्याचा वास जातो. हा डब्यातच राहायला हवा. हा जवळा मला पिशवीत घालून दे गं मैत्री, आनि डबा ठेवा तुमच्याकडे. पुढच्या वेळी नेईन."

मी काही बोलायच्या आत मसाला डब्यात आणि जवळा परातीत. मैत्रीने सवयीने दाराच्या मागे हात घातला. हाताला नुसता खिळा लागला.

"पिशव्या कुठे आहेत?" तिने विचारलं.

"पुनर्वापराला," मी म्हणालो.

"डबे?"

"बिल्डिंगमध्ये फिरतायत."

"स्टीलचा मी देणार नाही. रिक्षा खाली थांबलीय. कुठूनही एक पिशवी आणा."

मी कासिमभाईंकडे गेलो. आबिदा भाभी म्हणाल्या, "सगळ्या तुमीच तर नेल्या ना भाऊ." मी वर गेलो, खाली गेलो. ज्या ज्या दारात मी डबा घेऊन उभा राहिलो होतो, त्या प्रत्येक दारात तेच उत्तर. माझी मोहीम इतकी यशस्वी झाली होती की त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये प्लास्टिकची एक पिशवी उरली नव्हती. म्हणजे एका घरात असणार होती. ज्याने मोहिमेत भाग घेतला नव्हता त्याच्याकडे.

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी आशुतोषची बेल दाबली आणि दार उघडायच्या आत बिल्ल्यावर तळहात ठेवला. त्यामुळे मी छातीवर हात ठेवून शपथ घेत असल्यासारखा दिसत असणार.

"बोला प्रितमजी."

"एक पिशवी हवी होती," मी म्हणालो. "जाड. प्लास्टिकची."

तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी राहीन. त्याने माझ्याकडे पाहिलं, छातीवरच्या हाताकडे पाहिलं आणि आत गेला. बराच वेळ कपाट उघडल्याचे, काहीतरी शोधल्याचे आवाज आले. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कापडाच्या दुकानाची छान जाड पिशवी होती.

"थँक यू," मी म्हणालो, आणि जिन्याने पळालो. पिशवी हाताला रिकामी लागेना. दुसऱ्या मजल्यावर मी ती उघडून बघितली. आत माझ्या दोन दुधाच्या पिशव्या होत्या, स्वच्छ, कोरड्या, व्यवस्थित घडी घातलेल्या.

वरून आशुतोषचा आवाज आला. "रिकामी कशी देणार, प्रितमजी?"